माझी उन्हाळ्याची सुट्टी
(१९९२ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून आजच देतो. पुन्हा धीर होईल की नाही, सांगता येत नाही.

नववीत बाईंनी ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’ हा निबंध घातला होता. मी महाबळेश्वरवर लिहिला. वेण्णा लेकवर होडीत बसलो, घोड्यावरून रपेट मारली, आर्थर सीटवरून दरी पाहिली. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि दहापैकी आठ गुण दिले. बाई, मी तोपर्यंत महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं. घरापासून साठ-सत्तर किलोमीटर, पण गेलो नव्हतो. त्या मे महिन्यात मी उकिरडा उपसत होतो आणि शेणखत बैलगाडीनं रानात नेऊन टाकत होतो. तालुक्याच्या गावातली तुम्ही पोरं मला ‘गोठा’ म्हणायचात. आज सकाळी नोंदणीच्या टेबलावरही दोघांनी त्याच नावानं हाक मारली. तेव्हा शेणखतावर निबंध लिहिण्याची माझी काय टाप होती!

तर आज तो निबंध पुन्हा लिहून आणला आहे. यावेळी खरा.

मी गेली एकोणीस वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. मुलगी आणि मुलगा दोघंही तिथलेच. २०१९ च्या जूनमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा आमच्याकडे आले. वय बहात्तर, अंगावर धोतर, टोपी आणि वर मी घेतलेलं जाड जाकीट. पहिला आठवडा कसाबसा गेला. आम्ही दोघं ऑफिसला, मुलं शाळेत. आप्पा खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या कुंड्या मोजायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हितं मानसं हायत का न्हाईत?”

मुलांना जूनमध्ये सुट्टी असते. बायकोनं आधीच एक बुकिंग करून ठेवलं होतं, शेतकऱ्याच्या घरी आठ रात्री. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये मुलंबाळं असलेल्या घरांत ही नेहमीची सुट्टी आहे. हॉटेलात जायचं नाही, शेतावर जायचं. गायीला चारा घालायचा, कोंबड्यांची अंडी गोळा करायची, ट्रॅक्टरवर बसायचं. आम्ही निवडलं होतं साउथ टिरोल. हा इटलीच्या उत्तर टोकाचा डोंगराळ भाग. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियात होता, १९१९ च्या तहानं इटलीकडे गेला. तिथली बहुतेक माणसं अजूनही जर्मन बोलतात. आमच्या घरापासून सुमारे चारशे किलोमीटर. इन्सब्रुक ओलांडायचं, ब्रेनर खिंड चढून उतरायचं, की डोलोमाइट पर्वताच्या कुशीत फिलनोस नावाची दरी लागते. जगातली आठ हजार मीटरवरची सगळी चौदा शिखरं सर्वांत आधी सर करणारे राइनहोल्ड मेसनर याच दरीत लहानाचे मोठे झाले. मुलाला मात्र मेसनरपेक्षा तिथल्या मेंढ्यांचं कौतुक. पांढऱ्या मेंढ्या आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. तिथं त्यांना ‘चष्मेवाली मेंढी’च म्हणतात.

गाडीत आप्पांनी विचारलं, “पाव्हणं कोन लागत्यात आपलं?”

म्हटलं, “कुणी नाही आप्पा, पैसे भरून राहायचं.”

“किती?”

मी टाळलं. पण मुलीनं सांगून टाकलं, रात्रीचे पंचाण्णव युरो. आप्पांनी रुपये करायला लावले. तेव्हाच्या हिशेबानं सात हजारांच्या वर गेले.

“आनि करायचं काय तितं?”

“गोठा झाडायचा, चारा घालायचा...”

“आरं, शेन काढायला सात हजार देतोस व्हय? मला दीडशे दिलं आस्तंस तरी गावाकडं रोज काढू दिलं आस्तं.”

ब्रेनर येईपर्यंत ते हसत होते. मीही हसत होतो, पण मला ते लागलं होतं. ज्या वासापासून मी इतका लांब पळालो, तो माझ्या मुलांना मी विकत घेऊन देत होतो.

आता शेताचं सांगतो. उंची तेराशे मीटरच्या आसपास. उतार असा, की आपल्याकडे तिथं शेळीसुद्धा विचार करून चढेल. खाली दगडी घर, त्यावर लाकडी मजला, पलीकडे गोठा आणि गोठ्यावर गवताचं कोठार. बारा दुभत्या गायी. काही करड्या रंगाच्या टिरोलच्या जातीच्या, अंगानं आटोपशीर. आप्पांना त्या लगेच आवडल्या. कालवडी उन्हाळ्यासाठी वरच्या कुरणांवर गेल्या होत्या. दोन लहान सदनिका पाहुण्यांसाठी. घरात लाकडानं मढवलेली एक बैठकीची खोली, तिला ते ‘श्टुबं’ म्हणतात. तिच्या कोपऱ्यात भली मोठी शेगडी आणि तिच्याभोवती बसायला बाक.

मालक पन्नाशीचे. त्यांनी आप्पांशी हात मिळवला आणि म्हणाले, “ग्रूस गॉट, ओपा.” जर्मनमध्ये ओपा म्हणजे आजोबा. आप्पांना वाटलं, त्यांनी ‘आप्पा’ म्हटलं, फक्त उच्चार बिघडलाय. त्यांनी शेवटपर्यंत तो सुधारायचा प्रयत्न केला. “ओपा न्हवं, आप्पा.” मालकही शेवटी आप्पा म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी उठलो तर आप्पांचं अंथरूण रिकामं. गोठ्यात गेलो. धारेचं मशीन चालू होतं. आप्पा एका गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि मालक त्यांच्याकडे बघत होते. आप्पांनी सडाकडे बोट दाखवून मान हलवली. मालकांनी वाकून पाहिलं, मशीन काढलं आणि त्या एका सडाची धार हातानं काढली. दगडी व्हायला लागली होती. मी न बोललेल्या त्या बोलण्याचं भाषांतर करायला पुढे झालो, तर दोघांनाही माझी गरज नव्हती. पोरं मागून आली. त्या दिवसापासून रोज सकाळी मुलगा आजोबांबरोबर गव्हाणी झाडायचा. आठ वर्षांचं ते पोर शेणाचा फावडा ढकलत होतं आणि मी मोबाइलवर फोटो काढत होतो.

खाण्याचे जरा हाल झाले. तिथं डुकराचं सुकवलेलं मांस पाहुण्याला प्रेमानं देतात. आप्पांनी हात जोडले. मग मालकीणबाईंनी पालक आणि शिळ्या पावाचे गोळे उकडून वर लोणी सोडलं, ते त्यांनी मुटक्यांसारखे हाणले. लसणाची चटणी आम्ही नेली होतीच.

तिथं मला एक गोष्ट कळली. शेतावर पाहुणे ठेवायला इटलीत १९८५ सालापासून राष्ट्रीय कायदा आहे. २००६ मध्ये तो नव्यानं केला. त्याचं मूळ सूत्र असं, की पाहुणे ठेवणारा आधी शेतकरी पाहिजे. शेती मुख्य, पाहुणे जोडधंदा. उद्या कुणी डोंगरात बंगला बांधून दोन शेळ्या बांधल्या तर त्याला शेतघर म्हणून पाहुणे ठेवता येत नाहीत. साउथ टिरोलमध्ये शेतकरी संघटनेनं ‘लाल कोंबडा’ या नावाखाली अशी दीड हजारांहून जास्त शेतघरं एकत्र आणली आहेत. हॉटेलांना तारे असतात, तशी यांना एकापासून पाचपर्यंत फुलं मिळतात. आमच्या मालकांना तीन फुलं होती. चौथ्यासाठी त्यांना हौस नव्हती.

मालकांनी मला हिशेब सांगितला. बारा गायींच्या दुधावर घर चालत नाही. सरकारी अनुदानावर चालत नाही. खोल्यांवरही चालत नाही. तिन्ही मिळून चालतं. गोठ्याचं छप्पर खोल्यांच्या पैशातून झालं. चौदा वर्षांत ते एकदाही पाचनंतर उठलेले नाहीत आणि बायकोबरोबर कुठे सुट्टीला गेलेले नाहीत. मोठा मुलगा इन्सब्रुकला शिकतो आणि परत येईन असं म्हणत नाही. हे सांगताना ते कुंपणाचा खिळा ठोकत होते. दुसऱ्यांच्या सुट्ट्या सजवणारा हा माणूस स्वतः समुद्र बघायला गेलेला नव्हता. इटलीत राहून!

आता पाचव्या दिवसाचं सांगतो, कारण त्यासाठीच मी इथं उभा आहे.

आदल्या दिवशी वरच्या उतारावरचं गवत कापून वाळायला टाकलं होतं. अशा उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. काटेरी लोखंडी चाकांचं, हातानं धरून चालवायचं कापणी यंत्र असतं. कडेकडेचं गवत लांब दांड्याच्या विळ्यानं कापतात. मालकांच्या कमरेला पाण्याचं छोटं भांडं अडकवलेलं आणि त्यात धार लावायचा दगड. आप्पांनी तो दगड काढून अंगठ्यानं चाचपला आणि समाधानानं परत ठेवला.

दुपारी तीनला पलीकडच्या गाइस्लर शिखरांवर ढग भरले. मालकांनी नुसती हाक मारली आणि जो तो धावला. मालकीणबाई, शेजारच्या सदनिकेतले हॅम्बुर्गचे नवरा-बायको, आम्ही, मुलं. मालकांची धाकटी बहीणही होती. ती बोल्झानोच्या इस्पितळात नर्स आहे आणि दर वर्षी गवताच्या दिवसांत रजा काढून येते. प्रत्येकाच्या हातात लाकडी दाताळं दिलं. गवत वरून खाली ओढायचं, रांगा करायच्या, गाडीत भरायचं. मला दहा मिनिटांत धाप लागली. आप्पांनी धोतराचा काचा मारला, टोपी खिशात घातली आणि त्या बहिणीच्या जोडीनं ओळ धरली. बहात्तरावं वर्ष, परका डोंगर, पण त्यांचं दाताळं एकदाही अडखळलं नाही. वीज चमकली तेव्हा दोन रांगा राहिल्या होत्या. मुलगी ओरडली, “आप्पा, चला!” आप्पा म्हणाले, “वैरन भिजंल, बाळा.” शेवटची गाडी कोठारात शिरली आणि पाऊस कोसळला. आम्ही सगळे छपराखाली, अंगाला गवत चिकटलेलं. हॅम्बुर्गच्या बाई हसता हसता रडत होत्या. आप्पांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांनी ते पाहिलं, जे सुगीच्या दिवशी असायचं.

रात्री श्टुबंमध्ये शेगडीपाशी बसलो. आप्पांनी मला विचारायला लावलं, जमीन किती, भावंडं किती आणि वाटण्या कशा झाल्या. तेव्हा कळलं, की तिथं वाटण्याच होत नाहीत. ‘बंद शेत’ अशी एक जुनी पद्धत आहे. घर, गोठा, कुरण आणि रान मिळून एक शेत, आणि ते अख्खं एकाच वारसाला जातं. १९०० साली टिरोलमध्ये त्याचा कायदा झाला. फॅसिस्टांच्या काळात, १९२९ मध्ये तो रद्द झाला आणि १९५४ मध्ये पुन्हा आला. बाकीच्या भावंडांना मोबदला मिळतो, पण तो बाजारभावानं नाही. शेत वर्षाला कमावतं किती, त्यावरून रक्कम ठरते. दोनशे वर्षं एकाच घराण्यात राहिलेल्या शेतांना तिथं मानाची पदवी देतात.

आप्पा बराच वेळ गप्प होते. आमच्या आजोबांची चौदा एकर. चार भावांत साडेतीन-साडेतीन झाली. आता आम्ही तिघं भावंडं. आपल्याकडेही तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण बांध दर पिढीला वाढतोच.

मग आप्पा त्या बहिणीकडे वळले. “इचार हिला, वाटा कमी मिळाला, राग न्हाई आला?”

मी अवघडलो, पण विचारलं. तिनं आधी भावाकडे पाहिलं. म्हणाली, “आला. मला मिळालं त्यात एक बरी मोटार आली असती. हेच शेत बाजारात विकलं असतं तर बोल्झानोत माझं स्वतःचं घर झालं असतं. अजून भाड्यानं राहते. पहिली दोन वर्षं मी इथं पाऊल टाकलं नाही.”

“मग आता वैरन वडाय का येतीस?”

ती हसली. “त्याची पाठ दुखते. कोण ओढणार?”

मालक खाली बघत पाइप साफ करत होते. त्यांनी काही म्हटलं नाही.

आम्ही झोपायला गेलो. दिवा घालवल्यावर आप्पा अंधारात म्हणाले, “आपल्या ताईला कुनी इचारलंच न्हवतं रं.”

मित्रांनो, हे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात झालेलं आहे, म्हणून सांगतो. चुलत्यांबरोबर आमच्या वाटण्या २०११ मध्ये झाल्या. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क २००५ च्या कायद्यानं देशभर मिळालेला होता, आपल्या राज्यात त्याच्याही आधी. तरी आत्यांनी आणि ताईनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. ताई फलटणहून एसटीनं आली, सही केली, जेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. साडीचोळी झाली. मी तेव्हा जर्मनीतून फोनवर विचारलं होतं, “झालं का काम?” इतकंच.

आणि माझी स्वतःची कथा याहून चांगली नाही. आमच्या रानाला लागून रस्ता रुंद झाला आहे. प्लॉटवाले चकरा मारतात. त्या सुट्टीला निघायच्या आधीच मी मनात ठरवलं होतं, की आप्पा आहेत तोवर गप्प बसायचं, मग माझा हिस्सा विकायचा आणि पुण्यात फ्लॅट घ्यायचा. धाकटा भाऊ ती जमीन कसतो. आलं आणि घेवडा करतो, चार म्हशी आहेत. त्याच्या वाट्याला पावणेदोन एकर उरले असते, कडेला कुणाची तरी कंपाउंड वॉल. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं होतं. आज इथं सांगतोय.

तिथून आलो आणि लगेच साधू झालो असं समजू नका. पुढे कोविड आलं, दोन-तीन वर्षं गेली. मध्ये एका प्लॉटवाल्याशी मी फोनवर भावही विचारून घेतला. पण गेल्या दिवाळीत आलो तेव्हा ताईकडे गेलो आणि विचारलं, तेव्हा सही करताना तुला काय वाटलं होतं? ताई भाकरी थापत होती. म्हणाली, “तेरा वर्षांनी इचारतोस?” आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. नंतर तासभर बोलली. काय बोलली ते माझ्याजवळ राहू दे.

तर आता असं ठरलं आहे. रान एकत्र राहणार आणि भाऊ कसणार. ताईनं सोडलेल्या हिश्श्याचे पैसे आधी ताईला मिळणार. भावाला जमेल तसे, दहा वर्षांत, आणि कागदावर लिहून. कमी पडतील ते मी घालणार. माझ्या हिश्श्याचेही मी घेणार आहे, पण प्लॉटच्या भावानं नाही, आल्याच्या भावानं. आता आल्याचा भाव कुठल्या वर्षाचा धरायचा, यावर आमची घासाघीस चालू आहे. ज्यांनी आलं लावलं आहे त्यांना कळेल, की हा प्रश्न जिनिव्हाला न्यावा लागेल. सरकारी मोजणी परवा, मंगळवारी आहे.

भावाला मी तिकडचे फोटो दाखवले होते. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते आहेच. त्याला आधी सहा खोल्या आणि पोहायचा तलाव बांधायचा होता. मी म्हटलं, आधी गोठा नीट कर, मग दोन खोल्या. माणसं म्हशी बघायला येतील, टाइल्स बघायला नाहीत. यावर तो म्हणाला, “तू म्हशीचं मला शिकवू नकोस, तू महाबळेश्वरला गेलेला माणूस.” बाई, त्यालाही तो निबंध माहीत आहे.

दोन खोल्या झाल्या आहेत. आप्पा आज येणार होते, पण गुडघे साथ देत नाहीत. त्यांनी निरोप दिला आहे, की सगळ्यांनी नातवंडं घेऊन यावं. शेण काढायचे पैसे घेणार नाहीत, जेवणाचे भाऊ घेईल. उठायचं साडेपाचला. मला ‘गोठा’ म्हणणाऱ्या त्या दोघांना फावडा मी स्वतः देणार आहे. बाईंनी मात्र दोन दिवस आधी कळवावं, पायऱ्यांना कठडा अजून बसवायचा आहे.